जीआरई परीक्षेसाठी इंग्रजी शब्दसंग्रहाचे अध्ययन

ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झामिनेशन, संक्षेपाने जीआरई, ही प्रामुख्याने अमेरिकेतील विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना प्रवेश घेताना विचारात घेतली जाणारी परीक्षा आहे. तिच्या भाषिक विभागात प्रगत इंग्रजी शब्दांचे ज्ञान अप्रत्यक्षपणे तपासले जाते. त्यामुळे या शब्दांचा पद्धतशीर अभ्यास हा परीक्षेच्या तयारीचा एक स्वतंत्र भाग मानला जातो. महाराष्ट्रातून, विशेषतः पुणे परिसरातून, अभियांत्रिकी व विज्ञान शाखांचे अनेक पदवीधर ही परीक्षा देतात. त्यांतील काहींचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते.

या अभ्यासाविषयी दोन समज रूढ आहेत. यादीतील शब्द व त्यांचे एकशब्दी अर्थ पाठ केले म्हणजे काम झाले, हा पहिला. आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला मातृभाषेचा येथे काही उपयोग नाही, हा दुसरा. परीक्षेचे आजचे स्वरूप आणि मराठी व इंग्रजी या भाषांच्या शब्दसंपत्तीचा इतिहास पाहता हे दोन्ही समज टिकत नाहीत.

परीक्षेचे स्वरूप

२२ सप्टेंबर २०२३ पासून जीआरईचा कालावधी १ तास ५८ मिनिटे इतका आहे. तीत एक निबंधलेखन, भाषिक तर्काचे दोन उपविभाग व गणिती तर्काचे दोन उपविभाग असतात. भाषिक तर्काच्या पहिल्या उपविभागात १८ मिनिटांत १२ आणि दुसऱ्यात २३ मिनिटांत १५, असे एकूण २७ प्रश्न असतात. पहिल्या उपविभागातील कामगिरीनुसार दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. गुण १३० ते १७० या श्रेणीत दिले जातात आणि ते पाच वर्षे ग्राह्य धरले जातात.

भाषिक प्रश्न तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार उताऱ्याच्या आकलनाचा. दुसरा रिकाम्या जागा भरण्याचा. त्यात एक, दोन किंवा तीन जागा असतात. एकच जागा असल्यास पाच पर्याय आणि अधिक जागा असल्यास प्रत्येकीसाठी तीन पर्याय दिलेले असतात. सर्व जागा अचूक भरल्या तरच गुण मिळतो. तिसऱ्या प्रकारात एका रिकाम्या जागेसाठी सहा पर्याय असतात. त्यांतून असे दोन शब्द निवडायचे असतात की, कोणताही वापरला तरी वाक्याचा अर्थ सारखाच राहील. येथेही अंशतः गुण नाहीत. पर्यायांमध्ये परस्परांचे समानार्थी असूनही वाक्यात न बसणारी एखादी जोडी मुद्दाम ठेवलेली असू शकते. केवळ समानार्थी शब्द पाठ असलेला विद्यार्थी अशा ठिकाणी फसतो.

इतिहास

आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकीय पदवी मिळवली. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या काळी अशी सामायिक परीक्षा अस्तित्वात नव्हती. जीआरईचा प्रारंभ १९३६ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठान आणि कोलंबिया, हार्वर्ड, प्रिन्स्टन व येल या चार विद्यापीठांच्या प्रयोगातून झाला. १९४७ मध्ये एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था स्थापन झाली आणि पुढील वर्षी परीक्षेची जबाबदारी तिच्याकडे आली.

ऑगस्ट २०११ पर्यंत भाषिक विभागात विरुद्धार्थी शब्द ओळखणे आणि शब्दांच्या जोड्यांतील संबंध ओळखणे असे प्रश्न होते. त्यांत वाक्याचा आधार नसे. शब्द ठाऊक असेल तर उत्तर येई, नसेल तर नाही. म्हणून बॅरन्स प्रकाशनाच्या मार्गदर्शकातील सुमारे ३,५०० शब्दांची वर्णानुक्रमी यादी विद्यार्थ्यांत अतिशय लोकप्रिय झाली. ऑगस्ट २०११ मध्ये हे दोन्ही प्रकार वगळण्यात आले आणि प्रत्येक शब्द वाक्याच्या किंवा उताऱ्याच्या संदर्भात विचारला जाऊ लागला. पाठांतराची जुनी पद्धत मात्र याद्यांसह चालत राहिली.

अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२३–२४ मध्ये ३,३१,६०२ होती आणि त्या वर्षी भारत या बाबतीत पहिल्या स्थानी होता. सर्वच विद्यार्थ्यांना जीआरई द्यावी लागत नाही. अनेक विभागांनी ती ऐच्छिक केली आहे किंवा वगळली आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशांत सामान्यतः गणिती गुणांना अधिक महत्त्व दिले जाते. मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांत भाषिक गुणांचे वजन तुलनेने जास्त असते.

आवश्यक शब्दांचे प्रकार

परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे शब्द स्थूलमानाने तीन गटांत विभागता येतात.

पहिला गट रोजच्या व्यवहारात क्वचित येणाऱ्या पण विद्वत्तापूर्ण लेखनात नियमित आढळणाऱ्या शब्दांचा. 'लॅकोनिक' म्हणजे मितभाषी, 'इफेमरल' म्हणजे क्षणभंगुर, 'ऑब्ड्युरेट' म्हणजे हट्टी व पाषाणहृदयी. याद्यांमध्ये मुख्यतः असेच शब्द असतात.

दुसरा गट परिचित शब्दांच्या अपरिचित अर्थांचा. हा गट अधिक फसवा आहे, कारण विद्यार्थी असे शब्द यादीत पाहून 'येतो' म्हणून पुढे जातो. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र ठरणे हे सर्वांना ठाऊक असते. परंतु विधानाला मर्यादा घालणे हाही त्याचा अर्थ आहे. 'फ्लॅग' म्हणजे झेंडा, पण क्रियापद म्हणून थकणे, उत्साह मावळणे. 'वाँट' म्हणजे इच्छिणे, पण नाम म्हणून उणीव. 'इकॉनॉमी' म्हणजे अर्थव्यवस्था, तसेच काटकसर. 'पेडेस्ट्रियन' म्हणजे पादचारी, तसेच रुक्ष, कल्पनाशून्य. 'ॲप्रोप्रिएट' म्हणजे योग्य, पण क्रियापद म्हणून बळकावणे. 'सँक्शन' या शब्दाला तर मंजुरी देणे आणि निर्बंध घालणे असे जवळजवळ परस्परविरोधी अर्थ आहेत. मराठी बोलण्यात 'कर्ज सँक्शन झाले' असा पहिलाच अर्थ रुळला असल्याने दुसरा लक्षात येण्यास वेळ लागतो.

रूपावरून चुकीचा अर्थ सुचवणारे शब्दही याच गटात येतात. 'एनर्व्हेट' म्हणजे शक्ती देणे नव्हे, तर शक्तिहीन करणे. 'रेस्टिव्ह' म्हणजे विश्रांती घेणारा नव्हे, तर अस्वस्थ, न जुमानणारा. 'नॉइसम'चा गोंगाटाशी संबंध नाही; त्याचा अर्थ किळसवाणा किंवा अपायकारक असा आहे. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे प्रमाण लेखनात निःस्वार्थ, निःपक्षपाती. रस नसलेला नव्हे. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे मूल्यहीन नव्हे, तर मोल करता येणार नाही असे. मराठीतील 'अमूल्य' हा शब्द नेमका याच रीतीने बनला आहे.

तिसरा गट वाक्याची दिशा दाखवणाऱ्या शब्दांचा. हे शब्द याद्यांमध्ये सहसा नसतात, पण रिकाम्या जागांचे उत्तर बहुधा त्यांच्यावरच ठरते. 'ऑल्दो' व 'डिस्पाइट' हे शब्द मराठीतील 'जरी–तरी' व 'असूनही' यांप्रमाणे विरोध सूचित करतात. 'हेन्स' म्हणजे 'म्हणून'. 'इनडीड' हा शब्द पुष्कळदा 'किंबहुना'चे काम करतो, म्हणजे आधीचे विधान उलटवत नाही, तर अधिक ठाम करतो. उदाहरणार्थ, 'समितीने अहवालाचे जाहीर स्वागत केले असले, तरी सदस्यांचे खासगीतील मत … होते' या वाक्यात रिकाम्या जागी प्रतिकूल अर्थाचा शब्द हवा, हे पर्याय पाहण्यापूर्वीच कळते. 'असले, तरी' काढून तेथे 'किंबहुना' घालून वाक्य जुळवल्यास अपेक्षा उलट होते. पर्याय झाकून आधी मराठीत अपेक्षित शब्द ठरवणे आणि मग त्याच्या जवळचा इंग्रजी शब्द शोधणे, ही रीत म्हणूनच उपयुक्त ठरते.

शेतीतून आलेले शब्द

इंग्रजीतील अनेक प्रगत शब्दांचा मूळ अर्थ शेती व पशुपालनाशी निगडित आहे. शेतीची ओळख असलेल्या विद्यार्थ्याला त्यांचा लाक्षणिक अर्थ लवकर उमगू शकतो. पुणे शहराच्या पूर्वेस, हडपसरच्या पुढे मुळा-मुठेच्या काठी वसलेले मांजरी हे या दृष्टीने बोलके उदाहरण आहे. मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. ऊस व साखर उद्योगासाठी संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या संस्था येथे आहेत. मळा, साखर कारखान्याचे तंत्र आणि नव्या गृहसंकुलांतील पदवीधर एकाच गावात नांदतात. अशा ठिकाणी रोज कानावर पडणाऱ्या शब्दांना इंग्रजीत दुसरे, अमूर्त अर्थ आहेत. त्यांतील काही पुढीलप्रमाणे:

'विनो' म्हणजे धान्य उफणणे किंवा पाखडणे. लाक्षणिक अर्थ: अनेकांतून निरुपयोगी ते वगळत जाणे.

'ग्लीन' म्हणजे सरवा वेचणे, म्हणजेच पीक काढून नेल्यावर शेतात राहिलेली कणसे गोळा करणे. लाक्षणिक अर्थ: विखुरलेली माहिती कणाकणाने जमवणे.

'फॅलो' म्हणजे पड टाकलेली जमीन. लाक्षणिक अर्थ: निर्मिती थांबलेला, निष्क्रिय काळ.

'प्रून' म्हणजे छाटणी करणे. महाराष्ट्रात द्राक्षवेलींची एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. लाक्षणिक अर्थ: अनावश्यक भाग काढून टाकणे. वेल छाटणाऱ्याला हेही ठाऊक असते की ही कपात नाशासाठी नसून वाढीसाठी असते. शब्दाची ही छटा कोशातील 'कमी करणे' या अर्थात उतरत नाही.

'ग्राफ्ट' म्हणजे खुंटावर कलम करणे. याच रूपाच्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ लाचलुचपत असा आहे.

'फर्मेंट' म्हणजे आंबणे. उसाच्या मळीपासून मद्यार्क तयार होतो तो याच क्रियेने. लाक्षणिक अर्थ: समाजातील खळबळ.

'हॅरो' हे ढेकळे फोडून जमीन भुसभुशीत करणारे, कुळवासारखे अवजार. त्यावरून 'हॅरोइंग' म्हणजे मन ओरबाडून काढणारा, अत्यंत क्लेशदायक.

काही शब्दांत ही शेती वरवर दिसत नाही. व्युत्पत्ती पाहिल्यावरच ती प्रकट होते. 'सबजुगेट' म्हणजे अंकित करणे. त्यातील 'जुगम' या लॅटिन शब्दाचा अर्थ जू असा आहे. अर्थात सबजुगेट करणे म्हणजे जुवाखाली आणणे. मराठी 'जू' हा संस्कृत 'युग' या शब्दापासून आला असून तो व 'जुगम' एकाच कुळातील आहेत. 'ट्रिब्युलेशन' म्हणजे हालअपेष्टा. त्याच्या मुळाशी मळणीचे अवजार आहे. 'ग्रिगेरियस' म्हणजे समाजप्रिय आणि 'इग्रीजियस' म्हणजे डोळ्यांत भरण्याइतके वाईट. दोहोंत 'कळप' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे: पहिला कळपात रमणारा, दुसरा कळपातून वेगळा उठून दिसणारा. 'डिलिरियम' म्हणजे भ्रम, वात. मूळ कल्पना नांगराने आपली रेघ सोडण्याची. 'इम्पिक्युनियस' म्हणजे निर्धन. त्यातील 'पेकु' या लॅटिन शब्दाचा अर्थ गुरेढोरे असून तो संस्कृत 'पशु'चा सगोत्र आहे. गुरे हेच धन, ही कल्पना 'पशुधन' व 'गोधन' या मराठी शब्दांतही टिकून आहे.

संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांतील धातुसंबंध

इंग्रजीतील विद्वत्तापूर्ण शब्दांचा मोठा भाग लॅटिन व ग्रीक मुळांतून आला आहे. या दोन भाषा आणि संस्कृत यांचे मूळ एक असावे, असे प्रतिपादन विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यातील एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात केले. पुढे त्यातून तौलनिक भाषाशास्त्राचा पाया घातला गेला. मराठीत तत्सम शब्द विपुल असल्याने मराठी विद्यार्थ्याच्या नित्याच्या शब्दांतच यांतील अनेक धातू असतात.

'ज्ञा' हा धातू ग्रीक व लॅटिनमध्ये 'ग्नो' असा आढळतो. 'ॲग्नॉस्टिक' या शब्दात नकारार्थी 'अ' आणि 'ग्नो' आहे. त्याचा मराठी प्रतिशब्द 'अज्ञेयवादी' हाही 'अ' आणि 'ज्ञा' यांपासूनच बनला आहे. 'प्रोग्नोसिस'ची घटना 'प्र' आणि 'ज्ञा' अशी, म्हणजे 'प्रज्ञा'सारखी आहे. अर्थ मात्र भिन्न: एक रोगाच्या पुढील गतीचे अनुमान, दुसरी बुद्धी. 'इमॉर्टल' आणि 'अमृत' यांत नकारार्थी उपसर्ग आणि 'मृ' धातू समान आहेत. 'मॅग्नॅनिमस' म्हणजे उदारमनस्क. त्यातील पहिला घटक 'महा'शी आणि दुसरा 'प्राण' शब्दातील 'अन्' या धातूशी संबद्ध आहे. 'व्होसिफरस' म्हणजे आरडाओरडा करणारा. त्याचे घटक 'वाच्' व 'भृ' यांचे सगोत्र आहेत, म्हणजे वाचा आणि भार. 'डिस्पेप्टिक' म्हणजे अपचनाने ग्रस्त आणि त्यावरून चिडखोर. त्यात 'दुस्' व 'पच्' यांचे सगोत्र आहेत. 'पर्स्पिकेशस' म्हणजे सूक्ष्मदर्शी. त्यातील मूळ 'पश्यति' या संस्कृत क्रियापदाशी नाते सांगते.

या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. पहिली, ध्वनिसाम्य म्हणजे नाते नव्हे. 'डे' आणि 'दिवस' हे शब्द सारखे वाटले तरी ते सगोत्र नाहीत; 'दिवस'चा खरा आप्त 'डायर्नल' या शब्दात सापडतो. दुसरी, मूळ एक असले तरी अर्थ बदलत जातो. व्युत्पत्ती शब्द लक्षात ठेवण्यास मदत करते; आजचा अर्थ वापरावरूनच निश्चित करावा लागतो.

अर्थच्छटांचा भेद

एकशब्दी अर्थ पाठ करण्यातील मुख्य दोष हा की त्यात छटा गळून पडतात. 'फ्रूगल', 'पार्सिमोनियस' व 'मायझर्ली' या तिन्हींपुढे 'कंजूष' असे लिहून ठेवल्यास वाक्यातील प्रशंसा व निंदा यांचा फरक कळत नाही. मराठीत मात्र हा फरक करणारे शब्द आधीच आहेत. काटकसरी माणसाची स्तुती होते, हात आखडून खर्च करणाऱ्याविषयी नापसंती असते आणि कृपणाची निंदाच होते. फ्रूगल हा पहिला, पार्सिमोनियस बहुधा दुसरा आणि मायझर्ली तिसरा.

हीच गोष्ट अन्य गटांत दिसते. 'रेटिसंट' म्हणजे मनातले सहसा न सांगणारा, 'टॅसिटर्न' म्हणजे स्वभावतः अबोल, 'लॅकोनिक' म्हणजे मोजक्या शब्दांत नेमके बोलणारा. मराठीतील संकोची, घुमा व मितभाषी यांना एकमेकांच्या जागी घालता येत नाही, तसेच यांनाही नाही. 'रेझोल्यूट' निग्रही, 'टिनेशस' चिवट, 'ऑब्स्टिनेट' हट्टी आणि 'डॉग्मॅटिक' मताचा दुराग्रह धरणारा. अर्थ लिहिताना शब्दापुढे स्तुती, निंदा की तटस्थता, अशी खूण केल्यास रिकाम्या जागांच्या प्रश्नांत अनेक पर्याय त्वरित बाद करता येतात.

स्मरणाच्या पद्धती

हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये निरर्थक अक्षरसमूहांवर केलेल्या प्रयोगांतून विस्मरण आरंभी वेगाने व पुढे मंदगतीने होते, असे दाखवले. त्यावरून वाढत्या अंतराने उजळणी करण्याची पद्धत पुढे आली. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये कार्डांच्या पेट्यांची पद्धत मांडली. आठवलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते व उशिरा समोर येते; न आठवलेले पहिल्या कप्प्यात परत येते. २००६ पासून उपलब्ध असलेली अँकी ही संगणकप्रणाली अशाच अंतरित उजळणीवर आधारलेली आहे. पुठ्ठ्याचे तुकडे व चपलांचे खोके यांनीही हे काम तितकेच चांगले होते.

केवळ पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःला विचारून आठवण्याचा प्रयत्न अधिक फलदायी असतो. जेफ्री कार्पिक व हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्द व त्यांचे इंग्रजी अर्थ शिकवले. शब्द एकदा आल्यानंतरही ज्यांनी आठवण्याचा सराव चालू ठेवला, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. तो सराव सोडून दिलेल्यांना एक-तृतीयांशाच्या आसपास शब्द आठवले.

रिचर्ड ॲटकिन्सन व मायकेल रॉ यांनी १९७५ मध्ये रशियन शब्दांसाठी वापरलेल्या सूचकशब्द पद्धतीत परक्या शब्दाशी मातृभाषेतील समध्वनी शब्द जोडला जातो. 'गॅर्युलस', म्हणजे बडबड्या, यासाठी 'गाऱ्हाणे' हा शब्द सहज सुचतो. परंतु 'क्वेरुलस' असा दुसरा शब्द इंग्रजीत असून गाऱ्हाणी करणारा हा त्याचाच अर्थ आहे. परीक्षेच्या ताणात ही खूण नेमकी चुकीच्या शब्दाकडे नेऊ शकते. म्हणून सूचकशब्द निवडताना जवळपासचे अन्य शब्द तपासणे आवश्यक ठरते.

मराठी समाजाला शब्दपाठांतर नवे नाही. पाठशाळांमध्ये अमरकोश मुखोद्गत करण्याची परंपरा होती. त्यात समानार्थी शब्द विषयवार वर्गांत दिलेले असून अनेक अर्थांच्या शब्दांसाठी स्वतंत्र नानार्थवर्ग आहे. वर्णक्रमाच्या यादीत 'ॲबेस', 'ॲबॅश', 'ॲबेट' असे सारख्या उच्चारांचे शब्द लागोपाठ येऊन गोंधळ होतो, तो विषयवार रचनेत टळतो. तथापि टिंकम (१९९३) व वॉरिंग (१९९७) यांच्या प्रयोगांत असे आढळले की, पूर्णतः नवे व अर्थाने निकटचे शब्द एकाच वेळी शिकल्यास ते परस्परांत मिसळतात आणि शिकण्यास अधिक वेळ लागतो. त्यामुळे समानार्थी शब्द प्रथम वेगवेगळ्या दिवशी शिकणे आणि ते पक्के झाल्यावर शेजारी ठेवून त्यांची तुलना करणे श्रेयस्कर होय.

दररोज १० नवे शब्द घेतल्यास १०० दिवसांत १,००० शब्द होतात. ३,५०० शब्दांची यादी तेवढ्याच काळात संपवायची तर रोज ३५ नवे शब्द घ्यावे लागतील आणि जुन्यांची उजळणी वेगळी. पदवीच्या अंतिम वर्षाचा अभ्यास किंवा नोकरी सांभाळून हे बहुधा साधत नाही. उजळणी मागे पडते व आधीचे शब्द निसटतात.

वाचन व कोश

हू व नेशन यांच्या २००० मधील अभ्यासानुसार, मदतीशिवाय मजकूर नीट समजण्यासाठी त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे ३०० शब्दांच्या पानात अनोळखी शब्द ६ पेक्षा फार अधिक नसावेत. त्याहून कठीण पुस्तकापासून आरंभ केल्यास विद्यार्थी कोशातच अडकतो आणि वाचन सुटते. प्रथम सोपे वैचारिक लेखन, मग वृत्तपत्रांतील अग्रलेख व विज्ञानविषयक लेख आणि शेवटी परीक्षेच्या पातळीचे उतारे, असा क्रम त्यामुळे सोयीचा ठरतो. नॉर्मन लुईस यांचे १९४९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले 'वर्ड पॉवर मेड ईझी' हे मूळ घटकांवरून शब्द शिकवणारे पुस्तक भारतात आजही मोठ्या प्रमाणात वापरले जाते.

द्विभाषिक कोशांची परंपरा मराठीत जुनी आहे. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि त्याची सुधारित आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. मोल्सवर्थ व टॉमस कँडी यांचा इंग्रजी–मराठी कोश १८४७ चा. १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत विनामूल्य पाहता येते. हा कोश उलट दिशेने वापरणे उपयुक्त ठरते. ओळखीचा मराठी शब्द काढला असता त्याच्या छटा इंग्रजीत सविस्तर उलगडलेल्या आढळतात. मात्र कोशातील इंग्रजी एकोणिसाव्या शतकातील आहे. म्हणून आजच्या वापरासाठी आधुनिक इंग्रजी–इंग्रजी कोशातील उदाहरणवाक्ये पाहणे आवश्यक असते.

मर्यादा

मातृभाषेचा आधार हा आरंभीचा टप्पा आहे. प्रत्येक वाक्य मनात भाषांतरित करून प्रश्न सोडवणे वेळेच्या मर्यादेत बसत नाही. पहिल्या उपविभागात एका प्रश्नासाठी सरासरी दीड मिनिट मिळते आणि त्यातच उतारेही वाचायचे असतात. शब्द मराठीच्या साहाय्याने समजून घ्यावा, पण सराव इंग्रजी वाक्यांतच व्हावा, हा समतोल साधावा लागतो.

परीक्षेवर होणारी टीकाही या विषयाशी संबंधित आहे. ग्रंथालये, शिकवण्या व इंग्रजी बोलणारे घर लाभलेल्या विद्यार्थ्याला भाषिक विभागात आपोआप लाभ होतो, असा आक्षेप घेतला जातो. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याच्या बाबतीत तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु ही उणीव शब्दाची समज नसल्याची नसून बहुतांशी इंग्रजी वाचनाच्या सरावाची असते. सरवा, जू, कलम आणि छाटणी हे शब्द ज्याने वापरले आहेत, त्याला ग्लीन, सबजुगेट, ग्राफ्ट आणि प्रून यांमागील वस्तू व कृती आधीच ठाऊक आहेत. त्याला शिकायचे असते ते त्या कृतीचे इंग्रजीतील नाव आणि त्या नावाचा अमूर्त विषयांत होणारा वापर.